सोळा जीबी, एक नग

देसाईगंज ऊर्फ वडसा येथील कुमारी अमरीन रहीम शेख, वय चोवीस, यांच्या संगणकाला मेमरी कमी पडत असल्याचं दिनांक चार ऑगस्ट रोजी दुपारी निदर्शनास आलं. निदर्शनास आणून दिलं ते एका बैलानं. तो धावता धावता पुढचा उजवा पाय उचलून थांबला आणि अकरा मिनिटं तसाच उभा राहिला.

बैल खरा नव्हता. अमरीन संगणकावरचा एक खेळ बनवत होती, शंकरपटाचा. आपल्या झाडीपट्टीत धान निघालं की बैलजोड्यांच्या शर्यती लागतात; ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांनी एकदा येऊन तिथली धूळ खाऊन जावी, फुकट आहे. अमरीनच्या पडद्यावर एक जोडी एकटी सोडली तर झकास पळायची. शेजारच्या धावपट्टीवर दुसरी जोडी आली, की चारही बैलांना एकदम विचार करावासा वाटायचा. आणि एकाच जोडीचा पट म्हणजे एकाच पहिलवानाची कुस्ती.

मेमरी म्हणजे संगणकाचं खळं समजा. घरात कोठार केवढंही असो, मळणी खळ्यातच व्हायची. अमरीनच्या यंत्राचं खळं होतं आठ जीबीचं, आणि त्यात ती चार बैल, दोन हाकणारे, दोनशे प्रेक्षक आणि त्यांची धूळ एकाच वेळी मळत होती. वर खेळ घडवायचं सॉफ्टवेअर, चित्रांचं सॉफ्टवेअर, आवाजाचं सॉफ्टवेअर. खळं भरणारच. उपाय सोपा होता. सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच घराण्याच्या, एकाच वेगाच्या, एकाच डब्यातून निघालेल्या, जोडीनं बसवायच्या. बाजारात मिळतात. बसवायला दहा मिनिटं लागतात.

पण यंत्र अमरीनचं नव्हतं, शासनाचं होतं. 'होतकरू खेळनिर्माता संगणक साहाय्य योजने'तून ते तिला वापरायला मिळालं होतं. खेळ बनवण्यासाठी आणि खेळून पाहण्यासाठीचं यंत्र, असं आदेशात स्वच्छ लिहिलं होतं. फक्त त्यातलं ग्राफिक्स कार्ड 'करमणुकीची बाब' असा शेरा मारून वगळलं होतं. त्यामुळे चित्र रंगवायचं कामही त्या बिचाऱ्या मेमरीच्याच डोक्यावर आलं. यंत्राच्या डब्याच्या चारही स्क्रूंवर लाखेचं सील होतं. ते मोडलं तर यंत्र परत. पडद्याच्या काचेवर पिवळ्या ऑइलपेंटनं नोंदणी क्रमांक घातलेला होता, आणि पटातली बैलं रोज त्या क्रमांकामागून पळत जायची.

घाई होती ती वेगळ्याच कारणासाठी. हैदराबादच्या एका कंपनीनं नव्या खेळांची स्पर्धा लावली होती. निवड झाली तर वडशात घरी बसून काम. मुदत वीस जानेवारी. आणि घरातली मुदतही तीच होती, कारण तिचे वडील रहीमभाई, जे हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांना आवाज आणि उजेड पुरवत गावोगाव फिरतात, त्यांनी सांगून ठेवलं होतं, "यंदाचा हंगाम तुहा. नाई जमलं तं पुण्याले खालाकडे जा अन् नोकरी धर." बापलेक घरात हिंदीत बोलतात, शासकीय कामकाजाची भाषा मराठी असल्यामुळे येथे मराठीत देत आहोत; खाला म्हणजे मावशी, ती तेवढी तशीच राहिली.

"गडचिरोलीच्या संगणक कक्षातल्या साहेबाच्या साळ्याचं लगन होतं, तवा आवाज माहाच होता," रहीमभाई म्हणाले. "एक फोन लावतो. आठ दिवसात मेमरी तुह्या दारात."

"नको अब्बा. मी हक्काचं मांगून राह्यली. नियमानं येईल."

सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण तिला माहीत होती. ऑगस्ट ते जानेवारी साडेपाच महिने होत होते. तेवढे पंधरा दिवस शासन घाई करेल असं तिनं गृहीत धरलं. चोवीस वर्षांच्या मुलीला एवढी आशा माफ असावी.

गडचिरोलीच्या संगणक साहाय्य कक्षात सुगंधाबाई बसत. नोकरीची एकतीस वर्षं झालेली, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि कुठल्या कागदाचं पुढं काय होणार हे त्यांना त्याच्याकडे पाहूनच कळायचं. त्यांनी अमरीनचा अर्ज वाचला आणि मायेनं परत केला.

"पोरी, तू लिहिलं का आठ जीबी कमी पडते. आठ कोणं ठरवले? समितीनं. कमी पडते म्हणजे समिती चुकली. समिती कधी चुकत नाई. मंग का करायचं?"

"का करायचं बाई?"

"मेमरी कमी नाई पडून राह्यली. बैल वाढले, असं लिही."

अमरीननं लिहिलं, 'अर्जदाराच्या बैलांच्या संख्येत वाढ झाल्याने.' सुगंधाबाईंनी शिक्का मारला. त्या एका वाक्यानं फाईल पशुसंवर्धनाच्या वाटेला लागली, याला सुगंधाबाई जबाबदार नाहीत. वाट ती एकच होती.

सप्टेंबरात तपासणी समिती घरी आली. तिघे होते. जनावरं असल्यामुळे पशुवैद्यक, साठवणुकीचा प्रश्न असल्यामुळे पाटबंधाऱ्याचे एक अभियंता, आणि चित्रं असल्यामुळे माध्यमिक शाळेचे एक चित्रकला शिक्षक. रहीमभाईंनी पोहे केले. खाताना समितीत एकमत होतं.

अभियंत्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "साठवण कमी पडते, असं लोक तलावाबद्दलही सांगतात," ते म्हणाले. "भिंत उंच करा म्हणतात. आम्ही आधी गाळ काढायला लावतो. तुमच्या यंत्रात गाळ किती?"

"गाळ म्हणजे साहेब?"

"हे लोक कशाला?" त्यांनी प्रेक्षकांवर बोट ठेवलं. "दोनशे दिसतात. आमच्या कालव्याच्या उद्घाटनालाही एवढे नव्हते."

पशुवैद्यक डॉक्टर मात्र कामाचे निघाले. त्यांनी वही काढली. आठ जीबीत एक जोडी व्यवस्थित धावते, हे त्यांनी स्वतः तीनदा धाववून पाहिलं. म्हणजे दर बैली चार जीबी. बैल चार. चार चोक सोळा. हाकणारे आणि प्रेक्षक मनुष्यवर्गात मोडतात, ते त्यांच्या खात्याकडे येत नाहीत. त्यांनी 'सोळा' हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला, आणि बैलांना लाळ्या-खुरकतची लस दिली आहे का, हे सवयीनं विचारलं.

चित्रकला शिक्षक आतापर्यंत बोलले नव्हते. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "बैल उभा काढला तर काय बिघडतं?" ते म्हणाले. "मी सत्तावीस वर्षं पोळ्याला उभाच बैल काढायला लावतो. एकाही मुलाची तक्रार नाही. हललं की अडचण येते."

अमरीननं मान डोलावली. त्या वेळी तिला ते वाक्य मूर्खपणाचं वाटलं. पुढं तिनं त्याबद्दल मनातल्या मनात माफी मागितली.

ऑक्टोबरात मंजुरी आली. मेमरी, सोळा जीबी, एक नग. अमरीन एसटी धरून गडचिरोलीला गेली आणि कक्षप्रमुख राजदीप बोरकुटे साहेबांना भेटली. साहेब मृदू होते. ते मत्स्यव्यवसायातून बदलून आले होते आणि त्यांच्या टेबलावर अजून एका रोहू माशाची फ्रेम होती.

"साहेब, एक नग नाई चालत. दोन पायजे, सारखे. संगणक दोघाईतून एकाच वेळी वाचते. एक असला की वेग अर्धा होते."

"मंजुरी एका नगाची आहे."

"मंग दुसऱ्याचा अर्ज देऊ?"

"अवश्य. पण तो वेगळा अर्ज, त्याची वेगळी खरेदी, म्हणजे पुरवठादार वेगळा, कंपनी वेगळी. सारखेपणाची हमी शासन देत नाही."

"मंग थे जुळणार नाई साहेब."

"मी मासेवाला, मला इथं आणून बसवलं," साहेब दुःखानं म्हणाले. "माझं कुठं जुळत होतं? घेतलं जुळवून."

नोव्हेंबरात पहिली पट्टी आली ती चौथ्या पिढीची. यंत्र पाचव्या पिढीचं. ज्यांना हा भेद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पट्टीच्या खालच्या काठाला एक खाच असते आणि यंत्राच्या खोबणीत तिच्या समोर एक खुंटी. पिढी बदलली की कंपन्या खाच मुद्दाम सरकवतात, म्हणजे माणसानं चुकूनसुद्धा चुकीची पट्टी बसवू नये. ही सोय करणाऱ्या साहेब लोकांनी आपल्या पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यांना पाहिलेलं नव्हतं.

कक्षात अमरीननं वेष्टनावरचं लेबल वाचलं आणि सांगितलं, ही बसत नाही. बोरकुटे साहेबांना पटेना. चार हा आकडा पाचात न मावण्याचं काही कारण त्यांना दिसत नव्हतं. अभियंत्यांचं मत मागवलं. त्यांनी दोन ओळींत कळवलं की खुंटी कानशीनं घासून दोन मिलिमीटर डावीकडे घ्यावी, काम किरकोळ दुरुस्ती या सदरात बसेल. दुसऱ्या दिवशी खरोखरच एक माणूस कानस घेऊन वडशाला आला. रहीमभाईंनी त्याला चहा पाजला, नाटकाचा पास दिला आणि कानस ठेवून घेतली.

कक्षाच्या वहीत नोंद झाली: 'लाभार्थीने लाभ नाकारला.'

पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून साहेबांनी एक नवी अट घातली. यापुढं मेमरीसोबत अनुरूपता प्रमाणपत्र लागेल. मेमरी यंत्राला चालते, असं प्रमाणपत्र. ते कसं मिळेल? मेमरी यंत्रात बसवून पाहिल्यावर. बसवायची तर सील काढावं लागेल. सील कोणासाठी काढतात? ज्या मेमरीला अनुरूपता प्रमाणपत्र आहे तिच्यासाठी. अमरीन हे सगळं दोनदा मोठ्यानं म्हणून झाल्यावर कक्षाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हीसाठी जागा एकच होती.

सुगंधाबाई डबा खाऊन हात पुसत बाहेर आल्या.

"फोटो आण," त्या म्हणाल्या. "बंद डब्ब्याचा एक, अन् मेमरीचा एक. पासपोर्ट साइज. बाजूबाजूले चिकटव."

"त्यानं का समजते बाई?"

"काईच नाई समजत. पण रकाना भरते."

प्रमाणपत्र निघालं. त्यात लिहिलं होतं, 'दोन्ही वस्तू परस्परांशेजारी ठेवून पाहिल्या असता त्यांच्यात कोणताही वाद आढळून आला नाही.' खाली तीन सह्या.

आणि मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कोणाची पुण्याई आडवी आली देव जाणे, अगदी बरोबर मेमरी आली. पाचव्या पिढीची, हव्या त्या वेगाची. शिवाय पुरवठादाराकडे सुटी पट्टी नव्हती म्हणून त्यानं सरळ जोडीचा डबा पाठवला होता. सोळा आणि सोळा. एकाच घराण्याच्या सख्ख्या बहिणी. अमरीननं टेबलावर तो डबा पाहिला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

बोरकुटे साहेबांनी डबा उघडला. मोजलं. चेहरा गंभीर केला.

"मंजुरी एकाची. आले दोन. एक नग अतिरिक्त आहे."

"साहेब, थे दोनच पायजे होते मले. पहिल्यापासून दोनच मांगून राह्यली मी."

"तुम्ही मागत होता हे खरं. पण तुम्हाला मिळत नव्हते, हेही खरं. आता दोन्ही तुम्हाला दिले तर तो दुबार लाभ होईल. माझ्या पेन्शनवर येईल, ताई."

"जोडी फोडली तं बैलं पळणार नाई."

"त्यासाठीच सोळा दिले. दर बैली चार." साहेबांनी यादी काढून बोट खाली नेलं. "पुढचा पात्र लाभार्थी, गुणवंतराव, तालुका चामोर्शी. जनावरांच्या नोंदी ठेवायला यांना आपण संगणक दिलेला आहे. त्यांनी मेमरी मागितलेली नाही, पण आपण लाभार्थ्यापर्यंत पोचलं पाहिजे."

वितरणाचा कार्यक्रम झाला. अमरीनला पुष्पगुच्छ आणि एक पट्टी मिळाली, पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून. जोडीचा डबा आणि त्यातली दुसरी पट्टी ग्रामसेवकाच्या हातून चामोर्शीकडे गेली. फोटोत साहेब हसताना दिसतात. अमरीनही हसतेय, कारण फोटोवाल्यानं हसायला सांगितलं.

कक्षाच्या माणसानं येऊन सील काढलं, जुनी पट्टी काढून ही बसवली, नवं सील लावलं. दोन जोड्या सोडल्या. पूर्वी बैल थांबत, आता थांबत नव्हते. पण पळतही नव्हते. हिसके देत चालले होते, चिखलात रुतलेल्या बंडीसारखे. अमरीननं प्रेक्षक दोनशेचे पन्नास केले. धूळ काढून टाकली. गवत काढलं. शेवटी उघड्या पांढऱ्या जमिनीवर चार बैल हिसके देत चालले आणि तिनं यंत्र बंद केलं. तो पट नव्हता. ती कोणाला दाखवणार होती ते?

दुसऱ्या नगासाठी तिनं वेगळा अर्ज केला आणि जानेवारीचे पहिले दहा दिवस कक्षाच्या व्हरांड्यातल्या बाकावर काढले. तिथं बसून बसून तिला एक गोष्ट दिसायला लागली. समोर अकरा टेबलं होती. फायलींचे गठ्ठे होते. पंखा बंद होता. कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं. दुपारी बारा ते दोन एका भिंतीवरची पाल सोडली तर काहीही हललं नाही, आणि पालही दोनदाच.

हललं की अडचण येते. चित्रकला शिक्षक म्हणाले होते.

ती एसटीत बसली तीच वही उघडून. नऊ दिवसांत तिनं दुसरा खेळ उभा केला. अकरा टेबलं, एक व्हरांडा, एक अर्जदार, त्याच्या हातात एक फाईल. फाईल शेवटच्या टेबलापर्यंत न्यायची. खेळ जुन्या आठ जीबीतही लोण्यासारखा चालला असता. कचेरीत काही हलतच नाही, तर मेमरी लागणार कशाला? खेळाडूला दोन बटणं दिली. एकावर लिहिलं 'रांगेत उभे राहा', दुसऱ्यावर 'ओळख सांगा'. ओळख सांगितली की फाईल टेबलांवरून उड्या मारत जाई आणि खेळ जिंकला. रांगेत उभं राहिलं तर पुढचा माणूस अधूनमधून एक पाऊल सरके. रांगेचा शेवट तिनं लिहिला नव्हता. तो कसा येतो ते तिनं पाहिलंच नव्हतं, मनाचं कसं लिहिणार?

वीस जानेवारीला तिनं तोच खेळ पाठवला. नाव ठेवलं 'फाईल'. शंकरपट राहून गेला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि रहीमभाईंनी पुण्याचा विषय काढला नाही.

बावीस तारखेला सकाळी दारात एक म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला मफलर, बगलेत एक डबा.

"अमरीनबाई इथीच राह्यते का? मी गुणवंतराव, चामोर्शीकडचा. हे तुमचं आहे."

त्यांनी डबा पुढं केला. त्यावर दोन पट्ट्यांचं चित्र होतं. आत फोममध्ये दोन खाचा, एक भरलेली, एक रिकामी.

"मले मशीनचं काई समजत नाई बाई," ते ओट्यावर टेकत म्हणाले. "माह्या घरी थो कॉम्प्युटर आला, तवापासून त्याच्यावर कोंबडी बसते. पण मी चाळीस वर्सं पटात बैल पळवलो. डब्ब्यावर चित्र दोघाईचं अन् अंदर एकटाच, म्हणजे कोणाची तरी जोडी फोडून मले देल्ली. जोडी फोडलेला बैल घरात ठेवू नये. थो चरत नाई अन् आपल्यालेही गोड लागत नाई."

अमरीननं विचारलं, "कधी भेटला तुम्हाले डब्बा?"

"झाले वीस-बावीस दिवस."

"वीस दिवस! भाऊ, मंग आता काऊन आणला? परवाच मुदत संपली माही."

"आता सरकारचा माल, मधातल्या मधात कसा देऊ? ऑफिसात वापस कराले गेलो. आधी कोणी हात लावे ना. मंग आठ दिवस रांगेत उभा राह्यलो. नंबर आला तं म्हणे, वापस घ्याचा रकानाच नाई. तुमचा पत्ता मांगलो तं म्हणे अर्ज करा. केला. काल एका बाईनं बाहेर येऊन हळूच सांगतला. चष्मेवाली."

"आठ दिवस उभे काऊन राह्यले? कोणाच्या ओळखीनं घुसाचं होतं."

गुणवंतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनंच काही चुकीचं विचारलं असावं. "माह्या पुढं माणसं होती न बाई."

रागवायचं कोणावर? अमरीननं म्हाताऱ्याला आत नेलं, चहा दिला आणि अर्धवट राहिलेला पट दाखवला. बैलं हिसके देत निघाली. गुणवंतरावांनी चष्मा नसलेले डोळे बारीक केले, पिवळ्या क्रमांकाच्या बाजूनं पाहिलं.

"डावा बैल अर्धं पाऊल मांगं पडते," ते म्हणाले. "जोडी नाई भेटली त्याले. बसवा न ही."

"सील आहे भाऊ. मोडलं तं कॉम्प्युटर वापस नेतील."

"नेतील तवा नेतील. तवरोक पळन."

रहीमभाईंनी पेचकस काढला. लाख तुटायला किती वेळ लागतो? अमरीननं पट्टी दुसरीच्या जोडीला, मधली खोबण सोडून, दोन्ही बाजूंचे चाप कट्कन बसेपर्यंत दाबली. यंत्र सुरू केलं. प्रेक्षक परत दोनशे केले, गवत आणलं, धूळ आणली. रहीमभाईंनी नाटकाचे दोन मोठे स्पीकर जोडले. आणि चार बैल सुटले. ओट्यापर्यंत धूळ आल्यासारखं वाटलं. गुणवंतराव उठून उभे राहिले होते आणि त्यांचा उजवा हात आपोआप कासरा ओढत होता. अमरीन रडत होती, उघडउघड, नाक पुसत. हा पट वीस तारखेला पळायला हवा होता.

फेब्रुवारीत निकाल लागला. 'फाईल' पहिला आला. कंपनीनं अमरीनला घरी बसून काम दिलं, पुण्याच्या खालाला तसं कळवण्यात आलं. बोरकुटे साहेबांनी सत्कार ठेवला आणि भाषणात सांगितलं की कक्षानं लाभार्थीला मुद्दाम कमी मेमरी दिल्यामुळेच असा कमी मेमरीत चालणारा खेळ जन्माला आला. सील तुटल्याचं त्यांना दिसलं. त्यांनी ते 'नैसर्गिक झीज' म्हणून नोंदवलं.

पहिल्या महिन्यात बासष्ट हजार लोकांनी तो खेळ खेळला. खाली मतांचा पाऊस. 'आपली व्यवस्था अशीच सडलेली आहे.' 'सामान्य माणसाला कोणी वाली नाही.' 'हे सगळे अधिकारी घरी बसवले पाहिजेत.' अमरीनला बरं वाटलं. मग तिनं कंपनीनं पाठवलेल्या नोंदी उघडल्या, कोणी कोणतं बटण दाबलं त्याच्या. बासष्ट हजारांपैकी एक सोडून सगळ्यांनी 'ओळख सांगा' दाबलं होतं. सरासरी नऊ सेकंदांत. पुष्कळांची सूचना होती की हे बटण जरा मोठं करावं, सापडायला वेळ लागतो.

जो एक उरला होता, तो चामोर्शीकडून खेळत होता. नातवाच्या फोनवर, तेरा दिवसांपासून, रांगेत.

"अब्बा," अमरीननं विचारलं, "डिसेंबरात एकदम बरोबर मेमरी कशी आली होती?"

रहीमभाई वायर गुंडाळत होते. "साहेबाच्या साळ्याले पोरगा झाला न," ते म्हणाले. "बारशाले आवाज मीच केला. फुकट. तवा जरासा शब्द टाकला."

म्हणजे रांगेतून आजवर कामाचं काहीच आलं नव्हतं. पाच महिने ती जिथं उभी होती, तिथं शेवट नव्हताच. अमरीननं दार लावून घेतलं आणि त्या एका माणसासाठी रांगेचा शेवट लिहिला. अकराव्या टेबलावर फाईल पोचते, साहेब सही करतात, मागची खिडकी उघडते आणि खिडकीपलीकडे शंकरपट. चार बैल, दोनशे प्रेक्षक, धूळ, तिच्या यंत्रावर पळवून चित्रित केलेलं, म्हणजे फोनलाही पेलावं. ते सगळं आता तिथंच आहे, दुसरीकडे कुठंही नाही. पोचायला एकोणीस दिवस लागतात.

सहा दिवसांनी गुणवंतरावांचा फोन आला. "बाई," ते म्हणाले, "डावा बैल आता बरोबर आहे." आणि ठेवून दिला.

रांगेच्या शेवटी बैलं आहेत, ही बातमी फुटायची ती फुटली. आता रहीमभाईंच्या आवाज-उजेडाच्या दुकानासमोर रोज दोन-चार माणसं थांबलेली असतात. शिकलेली, नोकरीवाली, 'फाईल'खाली लांबलचक मतं लिहिलेली. "भाऊ, आपली तं जुनी ओळख आहे," म्हणतात, "पोरीले सांगून आमाले डायरेक्ट बैलं दाखवा न. एकोणीस दिवस कोण उभं राहीन?" रहीमभाई त्यांना चहा पाजतात. कानस अजून त्यांच्याकडेच आहे.

एवढं वाचल्यावर तुम्हालाही ती बैलं बघावीशी वाटत असतील. जरूर बघा. खेळ फुकट आहे, रांग उघडी आहे आणि तुमच्या पुढं एकही खरा माणूस नाही. अमरीनचा फोन नंबरही आमच्याकडे आहे, हे उगाच सांगून बसलो. त्यावर तुमच्या मनात आधी काय आलं, ते आम्ही विचारत नाही. नऊ सेकंद तर कधीच होऊन गेले.